उभ्या खांबावरची पकड

लुई रॉबिन्सन नावाच्या एका इंग्रज डॉक्टरने १८९१ साली एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. नुकत्याच जन्मलेल्या सुमारे ६० बाळांना त्याने बोट किंवा आडवी काठी धरायला दिली आणि अलगद वर उचलले. काही बाळांना जन्मून तासही झाला नव्हता. तरी बहुतेकांनी निदान दहा सेकंद स्वतःचा सगळा भार दोन मुठींवर पेलला. तीन आठवड्यांचे एक बाळ तर अडीच मिनिटांहून जास्त वेळ लोंबकळत राहिले. (हा प्रयोग कोणी घरी करून पाहू नये.) आईच्या अंगावरच्या केसांना घट्ट धरून राहणाऱ्या पूर्वजांची ही खूण आहे, असे रॉबिन्सनचे म्हणणे होते. जन्मजात मिळालेली ही पकड पुढे पाच-सहा महिन्यांत विरून जाते. तिशीतल्या नोकरदार माणसाला बागेतल्या आडव्या दांड्याला लटकायला सांगितले, तर विसाव्या सेकंदाला त्याची बोटे उघडू लागतात.

पोल फिटनेस आणि एरिअल या नावांनी जे व्यायाम गेल्या काही वर्षांत मुंबई, पुणे, बंगळूरुच्या स्टुडिओंत शिकवले जातात, त्यांचा पहिला महिना ही हरवलेली पकड परत मिळवण्यातच जातो. पोल म्हणजे छतापासून जमिनीपर्यंत रोवलेला धातूचा गुळगुळीत दांडा. एरिअलमध्ये छताला टांगलेले कापडाचे दोन लांब पट्टे, लोखंडी कडे किंवा झोळी असते. नागपुरात बसून मोबाइलवर ही दृश्ये पाहणाऱ्याला वाटते की हे सारे परदेशातून आले आणि आपल्याला शिकायचे तर मुंबई गाठावी लागेल. माझे म्हणणे वेगळे आहे. उभ्या आधाराला शरीराने धरायचे, त्यावर चढायचे, उलटे व्हायचे आणि न पडता उतरायचे, हे टप्प्याटप्प्याने शिकवणारी पद्धत मराठी मुलखात दोनशे वर्षांपासून चालत आली आहे, आणि तिचे एक मोठे केंद्र नागपूरपासून दीडशे किलोमीटरवर अमरावतीत आहे. नवख्याने सुरुवात मल्लखांबापासून करावी. पोल किंवा कापड नंतर करायचे असले, तरीही.

मल्लस्तंभाचा उल्लेख कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात येतो. मधल्या काळातले धागे फारसे हाती लागत नाहीत. आजच्या मल्लखांबाचे श्रेय दिले जाते ते दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांना. आख्यायिका अशी आहे की निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान पुण्यात आले आणि त्यांनी पेशव्यांच्या दरबारात कुस्तीचे आव्हान टाकले. कोणी पुढे येईना. तरुण बाळंभटांनी आव्हान स्वीकारले, तयारीला मुदत मागून घेतली आणि ते नाशिकजवळच्या वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला गेले. तिथे झाडांवर माकडांची चपळाई पाहताना त्यांना खांबावरच्या पकडींची कल्पना सुचली. परत येऊन त्यांनी गुलाबला चीत केले, आणि ते पाहून अलीने लढण्याचे नाव काढले नाही. यातला इतिहास किती आणि दंतकथा किती, हे आज वेगळे करता येत नाही. मला मात्र त्यातली माकडे महत्त्वाची वाटतात. रॉबिन्सनने प्रसूतिगृहात जे पाहिले, ते वणीच्या गोष्टीने त्याआधीच सांगून ठेवले होते: चढण्याची कला माणसाने आपल्या जुन्या नातेवाइकांकडून उसनी घ्यायची असते.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि बाजीराव कानपूरजवळच्या ब्रह्मावर्ताला म्हणजे बिठूरला गेला. मल्लखांबही त्याच्यामागोमाग उत्तरेत पोचला. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई लहानपणी तिथे मल्लखांब शिकल्या, असे परंपरा सांगते. पुढे काशी, बडोदे, मिरज असा शिष्यपरंपरेचा पसारा वाढला. बडोद्यात द. चिं. मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत प्रसिद्ध केला. व्यायामासारख्या विषयाला दहा खंड देणारी भाषा म्हणून मराठीचा अभिमान वाटावा असे हे काम आहे, आणि आजच्या व्यायामप्रेमींपैकी किती जणांनी ते खंड पाहिले असतील याची शंकाच आहे.

विदर्भातला दुवा अमरावतीचा. अंबादासपंत आणि अनंत वैद्य या बंधूंनी १९१४ साली तिथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले. गल्लीतला आखाडा आणि शिक्षणसंस्था यांच्यात जे अंतर असते, ते या मंडळाने ओलांडले: शिक्षक तयार केले, अभ्यासक्रम बांधला, पुढे महाविद्यालय काढले. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक भरले तेव्हा मंडळाचे पथक तिथे गेले आणि त्याने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. १९४९ साली स्टॉकहोमच्या लिंगियाड महोत्सवातही मंडळाचे खेळाडू होते. विदर्भातल्या कितीतरी शाळांचे व्यायामशिक्षक याच मंडळात घडलेले. नागपुरात महाल-इतवारीच्या जुन्या वस्तीत आखाड्यांची परंपरा होतीच. त्यात ही शिस्तीची शिकवण मिसळली. आजही इथे मल्लखांब शिकायचा तर तो व्यायामशाळेत, शाळेच्या मैदानावर किंवा उन्हाळी शिबिरात सापडतो. त्याची जाहिरात इन्स्टाग्रामवर बहुधा नसते.

आता साधनाकडे जवळून पाहू. पुरलेला मल्लखांब सागवानी किंवा शिसवी लाकडाचा असतो. त्याला अंग, मान आणि बोंड असे तीन भाग. अंगाचा परीघ तळाशी सुमारे ५५ सेंटिमीटर, आणि वर निमुळता होत होत तो सुमारे ३५ सेंटिमीटरवर येतो. स्पर्धेतल्या धातूच्या पोलचा व्यास साधारण ४५ मिलिमीटर, म्हणजे परीघ जेमतेम १४ सेंटिमीटर. दोन्ही विद्यांमधला सगळा फरक या आकड्यांत आहे. पोल मुठीत मावतो. त्यामुळे नवखा माणूस सगळा भार मुठींवर टाकतो आणि त्याच्या हाताचे स्नायू पाच मिनिटांत भरून येतात. मल्लखांब मुठीत मावतच नाही. त्याला मिठीच मारावी लागते, मांड्या, पोटऱ्या, काखा, कोपरे, सगळ्यांनी. सागवानी खांबाला नुसते बोटांनी धरून कोणी लटकू शकत नाही, म्हणून शरीरातले मोठे स्नायू पहिल्या दिवसापासून कामाला लागतात.

निमुळतेपणाचाही उपयोग आहे. पाय खांबाला आवळलेले असताना शरीर घसरू लागले, तर खाली खांब जाड होत जातो, त्यामुळे घसरण्याबरोबर पायांचा वेढा आपोआप घट्ट होतो. सरळ पोलवर ही सवलत नाही. तिथे घसरण सुरू झाली की ती स्वतः थांबत नाही.

तेलाचे कोडे याहून गमतीचे. मल्लखांबाला एरंडेल चोळतात. पोलच्या वर्गात मात्र तेलाचा थेंबही चालत नाही. तिथे वर्गाला येण्याआधी अंगाला लोशन लावू नका, केसांना खोबरेल लावून येऊ नका, अशी सूचना असते, आणि दांडा दर वेळी फडक्याने पुसला जातो. एकाच कामाला दोन उलटे नियम कसे? पोलवर पकड मिळते ती उघडी कातडी धातूला चिकटते म्हणून. पोल करणारे आखूड कपडे घालतात त्याचे कारण हेच आहे, लोक समजतात ते नव्हे. मल्लखांबावर मात्र खेळाडू वेगाने चढतो, फिरतो, सुटतो आणि पुन्हा पकडतो. कोरड्या लाकडावर हे केले तर कातडी सोलून निघेल. एरंडेल दाट असते, ते लाकूड आणि अंग यांच्यात पातळ थर धरते आणि घर्षण कमी करते. मग उरलेली पकड स्नायूंना आवळूनच कमवावी लागते. कुस्तीगिराला हवे होते ते नेमके हेच. घामाने निसरडा झालेला प्रतिस्पर्धी हातातून निसटू नये, याची तालीम तेल लावलेल्या खांबावरच होऊ शकते.

नागपूरच्या हवेत हा फरक फार जाणवतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि घरोघरी कूलर लागतात. कूलरची हवा ओलसर असते. त्या हवेत क्रोमचा दांडा दमट होतो, तळहात घामेजतात आणि पोल हातात राहत नाही. पोलवाल्यांकडे त्यावर खडूच्या भुकटीचा, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेटचा उपाय असतो. मल्लखांबाला ही अडचण तितकी भेडसावत नाही. तो मुळात ओल्या अंगासाठीच बनला आहे. पावसाळ्यात मात्र दोरीच्या मल्लखांबाची सुती दोरी ओल धरते, जड आणि ताठर होते आणि पायाला जास्त काचते. दोरी शिकणाऱ्याने सुरुवात हिवाळ्यात करावी हे बरे.

दोरीचा मल्लखांब हा एरिअल कापडाचा खरा सख्खा भाऊ. पूर्वी वेताचा मल्लखांब असे. वेत मिळेनासा झाल्यावर त्याची जागा सुती दोरीने घेतली, असे जाणकार सांगतात. ही दोरी साधारण दोन-अडीच सेंटिमीटर जाडीची असते आणि तिला मध्ये एकही गाठ नसते. खेळाडू पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या खाचेत दोरी पकडतो, ती पायाभोवती, मांडीभोवती, कमरेभोवती फिरवतो आणि हात सोडून पद्मासनात बसतो. दोरी अंगाला कुठेच बांधलेली नसते. मग माणूस पडत का नाही?

उत्तर वेढ्यांत आहे. बंदरातला खलाशी खुंटाला दोन-तीन वेढे देऊन अख्खी बोट रोखून धरतो, त्यामागचे गणित इथेही लागू पडते. दोरी गोल वस्तूभोवती फिरली की घर्षणाने तिच्या दोन टोकांवरच्या ताणात फरक पडतो, आणि हा फरक वेढ्यांच्या बेरजेने नव्हे तर गुणाकाराने वाढतो. घर्षणांक ०.३ धरला तर एक पूर्ण वेढा ताण सुमारे साडेसहा पट रोखतो आणि दोन वेढे चाळीस पटींहून अधिक. म्हणजे ६० किलो वजनाचा माणूस दोन वेढ्यांत असेल, तर मोकळ्या टोकाला दीड किलोचा जोर असला तरी तोल राहतो, आणि तेवढा जोर पायाच्या अंगठ्याची खाच सहज देते. मांडी म्हणजे लोखंडी खुंट नव्हे, ती दबते, वळते. त्यामुळे प्रत्यक्षात आकडे इतके नीटस नसतात. पण दहा वर्षांची मुलगी दोरीवर हात जोडून बसते तेव्हा तिच्या अंगात ताकद किती यापेक्षा वेढा कुठे पडला आहे हे महत्त्वाचे असते. एरिअलच्या कापडात नवख्याला पहिल्या दिवशी पायाची जी गाठ शिकवतात, तिचेही तत्त्व हेच.

दोरीवर चढण्याची गोष्ट निघाली आहे तर जॉर्ज आयझरला वगळून पुढे जाता येणार नाही. दोरीवर चढणे हा एके काळी ऑलिंपिकमधला प्रकार होता. १८९६ च्या अथेन्समध्ये १४ मीटर दोरी टांगली होती, आणि ती टोकापर्यंत फक्त दोघांनी सर केली. १९०४ साली अमेरिकेतल्या सेंट लुइसला या प्रकाराचे सुवर्णपदक आयझरने जिंकले. त्याचा डावा पाय लाकडी होता. त्याच एका दिवसात त्याने जिम्नॅस्टिक्समध्ये सहा पदके मिळवली, त्यांतली तीन सुवर्ण. १९३२ नंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून गेला.

झुल्यांचाही मराठी इतिहास आहे. फ्रान्सच्या ज्यूल लेओतारने १८५९ साली पॅरिसमध्ये उडत्या झुल्यांचा खेळ केला आणि जगभरच्या सर्कशींनी तो उचलला. जिम्नॅस्टच्या तंग पोशाखाला आजही त्याचेच नाव आहे. एकवीस वर्षांनी, १८८० साली, सांगलीकडच्या अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे यांनी मुंबईत ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. एका परदेशी सर्कसवाल्याने हिंदुस्थानात अशी सर्कस होणे नाही असे डिवचले, म्हणून ती निघाली, अशी गोष्ट सांगतात. छत्रे स्वतः घोड्यांचे पटाईत. त्यांच्या पत्नी झुल्यावरची कामे करीत. १८८० सालच्या समाजात एका ब्राह्मण घरातली बाई लोकांसमोर झुल्यावर उडत होती, हे आज पोलच्या वर्गाला जायचे म्हटल्यावर घरात होणाऱ्या कुजबुजीच्या वेळी आठवावे.

कुजबुजीबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. पोलला क्लबांमधल्या नाचाचा इतिहास आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. १९९० च्या दशकात कॅनडा-अमेरिकेत त्यातून व्यायामाचे वर्ग निघाले. २००९ साली आंतरराष्ट्रीय पोल स्पोर्ट्स महासंघ झाला आणि २०१७ साली त्याला जागतिक क्रीडा संघटनांच्या शिखर मंडळात निरीक्षक म्हणून जागा मिळाली. आपल्याकडे हल्ली दोन दावे ऐकू येतात. एक, पोल हा मल्लखांबावरून चोरला. दुसरा, मल्लखांब म्हणजे भारतीय पोल डान्स. पहिल्याला पुरावा नाही. चिनी कसरतपटू शतकानुशतके खांबावर चढत आले आहेत, सर्कशीच्या तंबूलाही खांब होतेच. माणसाला खांब दिसला की तो त्यावर चढून पाहतो, त्यासाठी चोरी करावी लागत नाही. दुसरा दावा मल्लखांबाबद्दल अज्ञान दाखवतो आणि पोलबद्दल तुच्छता. दोघांनाही आपापल्या पायांवर उभे राहू द्यावे.

मग नवख्याने पहिल्या दिवशी काय अपेक्षा ठेवावी? व्यायामशाळेत आधी अंग तापवायला दंड, बैठका, सूर्यनमस्कार. मग खांबाला नमस्कार. पहिला धडा बहुतेक ठिकाणी अढीचा. खांब दोन्ही हातांनी कवटाळायचा, पाय उचलून वर न्यायचे आणि मांड्या-पोटऱ्यांनी खांबाला वेढा घालायचा, एका पायाचा घोटा दुसऱ्याच्या मागे अडकवून. डोके खाली, पाय वर. या क्षणी प्रत्येक नवख्याचे हात गोठतात. मेंदू सांगत असतो, हात सोडू नको. शिकवणारा नागपुरी थाटात ओरडतो, ‘काहून भेऊन राहिला बे? मांडी आवळ, हात आपोआप मोकळा होते!’ आणि तसेच होते. भार मांड्यांनी घेतला की हातांना उरते ते नुसते तोल सांभाळण्याचे काम. मग कंबरेतून वर उठायचे, खांब आणखी वर धरायचा, पाय सोडून पुन्हा वर न्यायचे. अशा अढ्या घालत माणूस खांब चढतो. पुढे तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल, फरारे, ताजवे अशी मोठी वाट आहे, पण कित्येक महिने साध्या अढीतच जातात आणि ते वाया जात नाहीत.

पहिल्या दिवशी काही जाणवत नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखते. मांडीच्या आतल्या बाजूला, पोटरीवर, पावलाच्या वरच्या भागावर काळेनिळे डाग उमटतात. ते बघून घरचे घाबरतात. कातडी आणि तिच्याखालचा भाग काही आठवड्यांत या दाबाला सरावतो. धीर धरायचा तो स्नायूंच्या नव्हे तर स्नायूबंधांच्या बाबतीत. स्नायू लवकर बळकट होतात. त्यांना हाडाशी जोडणारे दोर सावकाश. दीड-दोन महिन्यांनी माणसाला वाटते, आता ताकद आली, आणि तो रोज खांबाला भिडतो. कोपराच्या आतल्या बाजूचे चिवट दुखणे नेमके तेव्हा सुरू होते. सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरेत. मधल्या दिवशी आडव्या दांड्याला लटकावे. खांदे कानांपाशी जाऊ न देता, खाली ओढून धरून.

मोठ्या माणसाला आणखी एक गोष्ट माहीत असावी. शेजारी आठ वर्षांचे पोर सरसर वर जाते आणि आपण घामाघूम होऊन दोन फुटांवर अडकतो, यात लाजण्यासारखे काही नाही, हा भूमितीचा नियम आहे. शरीर उंचीने दुप्पट झाले तर स्नायूंचा छेद, आणि म्हणून ताकद, साधारण चौपट होते; वजन मात्र आठपट. लहान शरीराला स्वतःचा भार उचलणे मुळातच स्वस्त पडते. मोठ्याने पोराशी बरोबरी न करता गेल्या महिन्यातल्या स्वतःकडे पाहावे.

काही जणांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उलटे होऊ नये: ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही, ज्यांना काचबिंदू आहे, हर्निया आहे, नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, आणि गरोदर स्त्रिया. उलटे झाल्यावर डोक्याकडे आणि डोळ्यांकडे दाब वाढतो. परत सरळ होताना घाई केली तर भोवळ येते. जेवणानंतर दोन तास तरी खांबापासून दूर राहावे. अंगठ्या, बांगड्या, पैंजण, मंगळसूत्र काढून ठेवावे. दोरीत अडकलेली अंगठी बोटाचे मांस ओरबाडून नेते, हे रुग्णालयांतल्या शल्यविशारदांना चांगले ठाऊक असते. दोरीवरून वा कापडावरून सरकत खाली येऊ नये, हाताची साल निघते. उतरायला आधी शिकावे, चढायला नंतर.

आणि पंख्याचा हूक. एरिअल झोळ्या ऑनलाइन मिळतात आणि त्या घरी छताच्या पंख्याच्या हुकाला अडकवण्याचा मोह होतो. तो हूक काही किलोंच्या पंख्यासाठी असतो. माणूस झोळीत नुसता बसला तरी भार कैक पटींनी वाढतो, आणि अचानक खाली सुटून थांबला तर त्या क्षणी त्याच्या वजनाच्याही काही पट ताण येतो. स्टुडिओंत तुळईत किंवा लोखंडी सांगाड्यात तपासून बसवलेले आधार असतात, फिरती कडी असते, खाली जाड गादी असते. घरी यातले काही नसते. हे करू नका.

गेल्या काही वर्षांत मल्लखांबाचे दिवस पालटले आहेत. १९८१ साली उज्जैनला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. २०१३ साली मध्य प्रदेशाने मल्लखांबाला राज्याचा खेळ ठरवले. महाराष्ट्राला हे आधी सुचायला हवे होते. दादरच्या शिवाजी पार्कवर १९२५ पासून असलेल्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी अंध मुलींनाही मल्लखांब शिकवला आणि परदेशांतून शिकायला येणाऱ्यांसाठी दार उघडे ठेवले. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच मैदानावर पहिली जागतिक स्पर्धा झाली, सुमारे १५ देशांचे खेळाडू आले. दुसरी २०२३ साली भूतानमध्ये झाली. २०२४ साली देशपांडे यांना पद्मश्री मिळाली. त्याआधी २०२१ साली दोरीच्या मल्लखांबातल्या हिमानी परब यांना अर्जुन पुरस्कार मिळाला होता, मल्लखांबाला मिळालेला पहिलाच. खेलो इंडिया युवा स्पर्धांत आणि २०२२ च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत मल्लखांब आला.

गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या नारायणपूर जिल्ह्यातली अबुझमाडची आदिवासी मुलेही इथे आठवतात. सुरुवातीला त्यांच्याकडे फारशी साधने नव्हती. २०२३ साली त्यांनी ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ ही दूरचित्रवाणीवरची स्पर्धा जिंकली. त्यांच्या खेळात खांबाच्या बोंडावर एक उभा, त्याच्या अंगाच्या आधाराने बाकीचे चारही बाजूंना आडवे, असे मनोरे होते.

या सगळ्यात एक गट बाहेर राहतो: पंचवीस-तिशी ओलांडलेले, कधीच मैदानावर न गेलेले, बँकेत किंवा मिहानमधल्या कंपनीत दिवसभर बसून काम करणारे लोक. व्यायामशाळांचे वर्ग बहुतेक मुलांचे असतात, पहाटे किंवा शाळा सुटल्यावर. मोठ्या बाईने येऊन ‘मला शिकवाल का?’ विचारले, तर नाही कोणी म्हणत नाही, पण तिच्यासाठी वेळ, कपडे बदलायला जागा आणि बरोबरीची सोबत नसते. पोल आणि एरिअलचे स्टुडिओ पुढे गेले ते इथेच. त्यांनी पहिल्या दिवसापासून मोठ्या, अनोळखी, अवघडलेल्या माणसाला गिऱ्हाईक मानले. नागपूरच्या व्यायामशाळांना माझी विनंती आहे की संध्याकाळी साडेसात ते साडेआठ, आठवड्यातून तीन दिवस, प्रौढ स्त्री-पुरुषांसाठी मल्लखांबाचा एक वर्ग काढावा, दोन जाड गाद्या घ्याव्यात आणि फाटकावर मोठ्या अक्षरांत पाटी लावावी. खांब तुमच्या अंगणात आधीच पुरलेला आहे.